आपले ताट आणि परदेशचा माल



देशाच्या आयात-निर्यातीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंदरे, आगबोटी, सरकारी तक्ते आणि कोटी कोटी रुपयांचे आकडे उभे राहतात. आणि हा प्रांत अर्थशास्त्र्यांचा, आपला नव्हे, असे समजून मनुष्य दुसऱ्या कामाकडे वळतो. आज मी आपणांस बंदरावर नेणार नाही. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात नेणार आहे. तेथे टेबलाशी बसून बटाटेवडा, मिसळ किंवा साधी राइसप्लेट मागवावी आणि ती समोर आली म्हणजे पहिला घास घेण्यापूर्वी एवढाच प्रश्न विचारावा की, यांतला कोणता जिन्नस कोठून आला? देशाच्या व्यापाराची खरी हकीकत या एका प्रश्नात जितकी उलगडते, तितकी कोणत्याही तक्त्यात उलगडत नाही.

प्रथम उपाहारगृहाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘बाहेर खाणे’ ही चैन, किंबहुना थोडीशी निंद्य गोष्ट, अशी समजूत आपल्या घरांतून पुष्कळ दिवस होती. परंतु मोठ्या शहराचा पोशिंदा कोण, हे पाहू गेल्यास खानावळवाली, इराणी, उडुपी आणि वडेवाला यांना टाळून उत्तर देता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा सोबत्यांसह राही आणि दोन्ही वेळचे जेवण खानावळवालीकडे घेई. तिचा हिशेब महिन्याचा. पगार झाला की चुकता व्हायचा. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिने सोसायचे. या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळावे आणि त्यांच्या कष्टांस धंद्याची प्रतिष्ठा यावी, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकण्यास आरंभ केला, असे सांगतात. हे खाणे आज साऱ्या महाराष्ट्राचे झाले आहे. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी राज्य सरकारने ‘शिवभोजन’ थाळी सुरू केली, तेव्हा दोन पोळ्या, भाजी, वरण व भात यांची किंमत दहा रुपये ठेवली. सांगण्याचे तात्पर्य असे की, ही ठिकाणे हौसेची नव्हेत. घर दूर असलेल्या आणि मिळकत बेताची असलेल्या माणसाचे ते स्वयंपाकघर आहे. म्हणूनच त्या स्वयंपाकघरातील जिन्नस कोणाच्या हातून येतात, हा प्रश्न करमणुकीचा नाही.

आता ताटाकडे वळू. त्यातील परदेशी वस्तूंचे मी तीन वर्ग करतो. आणि हे वर्ग नीट ध्यानात ठेवले, तर स्वदेशी-परदेशीच्या वादातील पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळेल.

पहिला वर्ग परदेशातून येऊन आपल्या झालेल्या वस्तूंचा. बटाटेवड्यातील बटाटा अमेरिका खंडातला. त्याचे नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतले. पाव हा शब्दही त्यांचाच. वड्याबरोबरची तळलेली मिरची, मिसळीच्या कटाचा लालभडक रंग, उसळीतला टोमॅटो, चटणीतला शेंगदाणा हे सारे अमेरिकेतून निघून समुद्रमार्गे आपल्याकडे आले. कोलंबसाच्या आधीच्या काळात झणझणीत मिसळ होणेच शक्य नव्हते. तरीही या वस्तूंस आज कोणी परकी म्हणेल काय? त्या आपल्या झाल्या याचे कारण त्यांचे बी आपल्या मातीत रुजले. मिरची लवंगी झाली, संकेश्वरी झाली, ब्याडगी झाली. भुईमूग खानदेश-सोलापूरच्या शेतकऱ्याचे पीक झाला. उपासाच्या साबुदाण्याची हकीकत तर अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत साबुदाणा मलायाच्या बाजूने येत असे. युद्धामुळे तो मार्ग बंद झाला, तेव्हा तमिळनाडूतील सेलमच्या लोकांनी तेथे पिकणाऱ्या एका कंदापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभारला. आणि आज आपल्या एकादशीची खिचडी त्या उद्योगावर चालते. तो कंदही मूळचा अमेरिकेचाच! एका दाराने येणारा माल थांबला आणि दुसऱ्या दाराने उद्योग आत आला. परदेशाशी संबंध यावा तर असा यावा.

दुसरा वर्ग नेहमी बाहेरूनच येत आलेल्या, पण चिमूटभर लागणाऱ्या वस्तूंचा. त्याचा नमुना म्हणजे हिंग. वरणाच्या फोडणीतला हिंग पिढ्यान् पिढ्या अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान या बाजूंनी येत आला आहे. थंड व कोरड्या डोंगराळ प्रदेशात वाढणारे ते झाड आपल्याकडे पिकत नसे. पालमपूर येथील संशोधनसंस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशाच्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपे लावून पाहिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तो प्रयत्न फळास येण्यास वर्षे लागली, तरी देशावर मोठे संकट ओढवणार नाही. हिंगावाचून वरण मिळमिळीत होईल. माणूस उपाशी राहणार नाही.

तिसरा वर्ग मात्र निराळा आहे. ज्या वस्तू आपल्याकडे मुबलक पिकत, ज्यांचे उत्पादन आपण करू शकतो, ज्या चिमूटभर नव्हे तर पळ्या-पळ्यांनी आणि वाट्या-वाट्यांनी लागतात, आणि तरीसुद्धा ज्या आज बाहेरून आणाव्या लागतात, अशा वस्तूंचा हा वर्ग. त्यात पहिले नाव तेलाचे आणि दुसरे डाळीचे. त्यांच्याखालच्या शेगडीतील गॅससुद्धा निम्म्याहून अधिक परदेशी असतो. पण तो भूगर्भातील साठ्यांचा प्रश्न असल्यामुळे आज बाजूस ठेवतो.

तेलाचे पाहा. २०२३-२४ या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या बारा महिन्यांत, भारताने सुमारे १६० लक्ष टन खाद्यतेल आयात केले आणि त्यापायी सव्वा लक्ष कोटी रुपयांहून अधिक रक्कम परदेशी गेली. देशात जेवढे तेल खाल्ले जाते, त्यातील निम्म्याहून पुष्कळ जास्त बाहेरचे असते. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून आणि सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनमधून येते. ज्या कढईत आपला वडा तळला जातो, तिच्यात असे तीन खंडांचे तेल एकत्र नांदत असण्याचा संभव आहे.

ही अवस्था मुळापासून नव्हती. इंग्रजी अमदानीत जवस, तीळ, भुईमूग ही गळिताची धान्ये हिंदुस्थानातून युरोपात जात. मार्सेयचे साबणाचे कारखाने आणि इंग्लंडचे रंगाचे कारखाने त्यांवर चालत. गावोगाव तेल्याचा लाकडी घाणा होता. विदर्भात जवस, मराठवाडा-सोलापूरकडे करडई, खानदेशात भुईमूग, कोकणात खोबरे असे ज्या त्या मुलखाचे तेल असे आणि त्या त्या मुलखाच्या भाजीची चवही त्या तेलाने ठरे. पुढे १९३७ साली डालडा बाजारात आला आणि तेलाला मुलूख राहिला नाही. लोकसंख्या वाढली, तळणाची आवड वाढली, गळिताच्या पिकांकडे मात्र कोरडवाहू, दुय्यम पिके म्हणून दुर्लक्ष झाले. आयात वाढत गेली.

तथापि मध्यंतरी एक आशादायक पर्व येऊन गेले, ते आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी एक विशेष मोहीम हाती घेतली. सुधारलेले बियाणे, शेतकऱ्यास भावाची शाश्वती, सहकारी संस्थांमार्फत खरेदी आणि आयातीवर लगाम, अशी चारही अंगे एकत्र आणली. देशाचे तेलबियांचे उत्पादन १९८५-८६ मध्ये सुमारे १०८ लक्ष टन होते. पुढील दशकभरात ते दुपटीच्या वर गेले. १९९२-९३ च्या सुमारास आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. या यशास ‘पीतक्रांती’ असे नाव पडले. त्यानंतर १९९४ पासून पामतेलाची आयात परवानामुक्त झाली, जकात ६५ टक्क्यांवरून उतरत १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आली, आणि आठ-दहा वर्षांत मिळवलेले तितक्याच अवधीत निसटले. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. आपल्या मातीत तेल पिकत नाही असे नाही. ते पिकवण्याची चिकाटी आपण टिकवली नाही.

येथे उपाहारगृहाच्या मालकास दोष देण्याचा मोह होतो, पण तो अन्यायाचा होईल. त्याचा हिशेब सरळ आहे. तेलताडाच्या एका हेक्टरातून वर्षाला तीन-चार टन तेल निघते. सोयाबीनच्या हेक्टरातून त्याचा लहानसा अंश. म्हणून पामतेल बहुधा स्वस्त पडते. त्याला उग्र वास नाही, ते लवकर खवट होत नाही आणि कढईच्या आचेला चांगले टिकते. ज्याला बारा-पंधरा रुपयांत वडापाव द्यायचा आहे, त्याने करडईच्या घाण्याचे तेल का वापरले नाही, असे विचारणे म्हणजे पायी चालणाऱ्यास घोडा का बाळगला नाही असे विचारण्यासारखे आहे. पामतेलाने गरिबाचा वडा स्वस्त ठेवला, हे मान्य केलेच पाहिजे.

मग बिघडले कोठे? स्वस्त मिळते, ते घ्यावे; आपण दुसरे काही पिकवावे, ते जगास विकावे; व्यापार हा असाच चालतो, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप पोरकट नाही. आपणही तांदूळ, मसाले, कांदा जगाला विकतो; आणि जगाने आपला माल घ्यावा पण आपण कोणाचा घेऊ नये, ही अपेक्षा शहाणपणाची नव्हे. परंतु या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, विकणारा नेहमी विकत राहील.

हे गृहीत किती ठिसूळ आहे ते २०२२ साली दिसून आले. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफुलाच्या तेलाच्या बोटी अडकल्या. त्यातच आपल्या लोकांस तेल महाग झाले म्हणून इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी साडेतीन आठवड्यांतच उठली. परंतु तेवढ्या अवधीत ज्याच्या थाळीचा दर ठरलेला आणि गिऱ्हाईक नेहमीचे, त्या खानावळवाल्याने काय करावे? दर वाढवावा तर गिऱ्हाईक तुटते. न वाढवावा तर गल्ला रिकामा होतो. जाकार्तामधील एका हुकमाचा भार दादर-परळच्या ताटावर पडला, आणि त्या हुकमावर आपले कसलेच नियंत्रण नव्हते.

इंडोनेशियास नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आपण गव्हाची निर्यात बंद केली. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात कांद्याची. आपल्या लोकांचे ताट आधी, हा न्याय प्रत्येक सरकार लावते, आपणही लावला. आपण ज्या कारणासाठी दुसऱ्याचा तांदूळ अडवला, त्याच कारणासाठी दुसरा आपले तेल अडवील, हे धरूनच चालले पाहिजे.

आपल्या इतिहासात तर याहून कठोर धडा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेशातून दरवर्षी दहा लक्ष टनांहून अधिक तांदूळ हिंदुस्थानात येई. मुंबई-कोकणच्या घरांत रंगूनचा तांदूळ ही नित्याची वस्तू होती. स्वस्त होता, भरपूर होता, म्हणून कोणी त्याची चिंता केली नाही. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो ओघ थांबला. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती आणि सरकारी बेपर्वाई त्यांत मोठी होती. तथापि बाहेरचा तांदूळ एकाएकी बंद होणे हेही त्यांपैकी एक होते.

परावलंबनाचा दुसरा तोटा तितका दिसत नाही, कारण तो शहरात होत नाही, शेतात होतो. डाळीचे उदाहरण घेतो. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली आणि कित्येक खानावळींचे वरण पातळ झाले. शेतकऱ्यास तूर पेरण्याचे आवाहन झाले, भावही दिसत होता. त्याने ती पेरली. देशाचे तुरीचे उत्पादन सुमारे २६ लक्ष टनांवरून २०१६-१७ मध्ये ४९ लक्ष टनांच्या जवळ गेले. पण दरम्यान म्यानमार आणि आफ्रिकेतून तूर येतच होती. मोझांबिकशी तर २०१६ च्या जुलैत पाच वर्षांचा करार झाला होता. परिणाम असा झाला की, २०१७ साली क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव असूनही बाजारात तूर त्याखाली विकली गेली आणि महाराष्ट्रात खरेदी-केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. म्हणजे एका वर्षी खाणाऱ्याने सोसले, दुसऱ्या वर्षी पिकवणाऱ्याने. दोघांपैकी एकाचे तरी भले झाले असते, तर त्या धोरणास काही अर्थ राहिला असता.

पिवळ्या वाटाण्याची गोष्ट अशीच आहे. २०१७ साली त्यावर ५० टक्के जकात बसली. डिसेंबर २०२३ मध्ये ती साफ उठली. नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के झाली. मधल्या काळात कॅनडा-रशियाचा हा स्वस्त वाटाणा लक्षावधी टनांनी आला, आणि त्याच्या ओझ्याखाली हरभरा-तुरीचे भाव दबले. खाद्यतेलाच्या जकातीचेही तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये ती वाढवली, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ जकात २० टक्क्यांवरून १० वर आणली. शेतकरी जूनमध्ये पेरतो व ऑक्टोबरात विकतो. मधल्या चार महिन्यांत जकात कोणीकडे झुकेल हे त्याला ठाऊक नसते. अशा पिकावर तो पैसा का घालील? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण लातूरसारख्या मोठ्या पेठेतही बाजारभाव त्याखाली रेंगाळला. तेलाची जकात वाढवूनही भाव का चढला नाही, याचे एक कारण पिकातच आहे. शंभर किलो सोयाबीनमधून तेल सुमारे अठरा किलो निघते. बाकीची बहुतेक पेंड. तेव्हा पेंडीचा बाजार पडला की तेलाच्या भावाचा आधार तोकडा पडतो.

यावर उपाय काय? ‘परदेशी माल वर्ज्य करा’ ही घोषणा सोपी आहे. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताच्या कपड्यांत गेले, तेव्हा तिच्यात मोठे तेज होते. पण कापड न घेता जुने कापड वापरता येते. पोटाला तशी सवलत नाही. उद्या पामतेलाची आयात एकाएकी थांबली, तर शिक्षा मलेशियाच्या बागायतदारास होणार नाही. दहा रुपयांची थाळी खाणाऱ्यास होईल. म्हणून येथे बहिष्काराचा नव्हे, रुजवणुकीचा मार्ग धरला पाहिजे. तो मार्ग या देशाने एकदा चालून दाखवला आहे.

१९५६ साली अमेरिकेशी करार होऊन तेथील गहू आपल्याकडे येऊ लागला. १९६५-६६ च्या अवर्षणात तर सुमारे शंभर लक्ष टन धान्य बोटींनी आणावे लागले. बोट लागली की गाडीवर आणि गाडीतून थेट पोटात, अशी ती अवस्था होती. रेशनवरच्या लाल मायलोच्या भाकरी वयोवृद्ध श्रोत्यांस आठवत असतील. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि सोमवारी संध्याकाळी उपाहारगृहांची दारे बंद राहू लागली. देशाच्या आयातीचा आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलचा संबंध इतक्या उघडपणे क्वचितच दिसला असेल. परंतु त्या नेत्यांनी केवळ उपास सांगितला नाही. सी. सुब्रह्मण्यम् यांच्या पुढाकाराने १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. १९६४-६५ चे १२३ लक्ष टनांचे गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १६५ लक्ष टनांवर गेले. बियाणेही परदेशीच होते. पण दाणा आणणे आणि बी आणणे यांतील अंतर त्या एका निर्णयात स्पष्ट झाले. दाणा एकदा खाऊन संपतो. बी पुढल्या वर्षी पुन्हा उगवते.

तेलाबाबतीत सरकारने नव्याने हालचाल केली आहे. तेलताडाच्या लागवडीसाठी २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांची योजना आखली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी सुमारे दहा हजार कोटींची दुसरी योजना मंजूर झाली. तेलबियांचे ३९० लक्ष टनांचे उत्पादन २०३०-३१ पर्यंत ६९७ लक्ष टनांवर नेण्याचा तिचा संकल्प आहे. संकल्प चांगला आहे. मात्र १९८६ ची मोहीम केवळ बियाण्याने यशस्वी झाली नव्हती. भावाची शाश्वती तिच्या पाठीशी होती. जकात ही महागाईच्या ओरडीनुसार खालीवर करण्याची वस्तू नव्हे. ती किमान चार-पाच हंगाम आधी जाहीर करून स्थिर ठेवली पाहिजे. भाव भडकलाच, तर त्या वर्षी गरिबाच्या ताटाला सरळ साहाय्य द्यावे. शेतकऱ्याच्या पिकावर परदेशी माल ओतून ते देऊ नये.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर करडईकडे पुन्हा पाहण्याजोगे आहे. काळ्या भारी जमिनीतील ओलीवर रब्बीत येणारे हे पीक. ज्वारीच्या शेतात त्याच्या ओळी घालण्याची चाल जुनी आहे. बियात तेल सुमारे तीस टक्के, म्हणजे सोयाबीनहून कितीतरी अधिक. ते मागे पडले याचे एक कारण अगदी साधे आहे. झाडाला काटे असतात आणि काढणीस मजूर येत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे संकरित वाण तयार करून ती अडचणही दूर करण्याचा मार्ग दाखवला आहे. वाण आहे, जमीन आहे, खाणारा आहे. उणीव आहे ती खात्रीच्या गिऱ्हाइकाची. सरकारी वसतिगृहे, रुग्णालये, रेल्वेची भोजनगृहे आणि सवलतीच्या थाळीची केंद्रे यांनी आपल्या तेलाचा ठराविक हिस्सा अशा देशी पिकांतून घेण्याचे ठरवले, तर ती उणीव पुष्कळ भरून निघेल.

आणि आपण? नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार आपल्या देशात दरडोई तेलाचा खप वर्षाला १९.७ किलो आहे; आहारशास्त्रज्ञ बारा किलोच्या आसपास पुरे मानतात. दरडोई केवळ दहावा हिस्सा कमी केला, तर १४० कोटी लोकांच्या देशात सुमारे २७ लक्ष टन तेल वाचेल, म्हणजे आयातीचा सहावा हिस्सा. हे काम कोणत्याही जकातीपेक्षा स्वस्त आहे. कढईतील तेल पुनःपुन्हा तापवू नये म्हणून १ जुलै २०१८ पासून सरकारी नियमही लागू आहे. आपल्या नेहमीच्या उपाहारगृहात तेल काळे दिसले, तर ते सौजन्याने मालकाच्या कानावर घालण्यास संकोच वाटू नये. तसेच, एखाद्याने शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात तळलेला वडा दोन रुपये अधिक घेऊन दिला, तर ज्यांना ते परवडते त्यांनी कुरकुर न करता ते द्यावेत. सुशिक्षित आणि सुस्थित कुटुंबांनी हा भार थोडा अधिक उचलणे न्याय्यच आहे. कारण तो भार आज शेतकरी आणि दहा रुपयांच्या थाळीचा गिऱ्हाईक उचलत आहेत.

परदेशी वस्तू ताटात असणे हा दोष नव्हे. मिरची-बटाट्याने ते कधीच सिद्ध केले आहे. जी वस्तू आपण पिकवू शकतो तिच्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर बसणे आणि पिकवणाऱ्या आपल्याच माणसाला दर हंगामात निराश करणे, हा दोष आहे. उद्या आपण उपाहारगृहात जाल, तेव्हा मिसळीचा आस्वाद अवश्य घ्या. तीत माझ्या या भाषणाने बाधा यावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. फक्त वर तरंगणाऱ्या तर्रीकडे पाहताना एवढे मनात असू द्या की, ते तेल लातूरच्या शेतातून येऊ शकले असते.